टेक बातमीत राजकारण नेमकं कुठून येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एक टेक संकेतस्थळ तुम्ही बरीच वर्षं पैसे भरून वाचताय. पूर्वी तिथे फोन, चिप, सॉफ्टवेअर असायचं. आता निवडणुका, कंटेंट मॉडरेशन (कोणता मजकूर ठेवायचा, कोणता काढायचा), नोकरकपात आणि खटले यांनीच पान भरतं. मित्र म्हणतो, 'ते डावं झालंय, सोड.' त्याने सुचवलेलं दुसरं उघडलं तर ते उघडउघड उलट्या बाजूचं वाटतं. कल खरंच आहे की आपला भास, तो ओळखायचा कसा, वाचायचं काय आणि वर्गणी बंद करायची का, हे तुम्ही विचारलंय.

मी आधी बातमीदार म्हणून आणि नंतर डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून छापण्यायोग्य करणाऱ्या विभागात, तंत्रज्ञानाचंच पान पाहत आलोय, त्यामुळे कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, हाताळणाऱ्याला हे कसं दिसतं ते सांगतो. 'निःपक्ष संकेतस्थळ कोणतं' याला माझ्याकडे नाव नाही आणि कोणी छातीठोकपणे नाव सांगत असेल तर त्याला कारण विचारा. तुमची खरी अडचण वेगळी वाटते. बातमीत राजकारण दिसलं की ते घटनेतच होतं, की लिहिणाऱ्याने आणलं, हे तुम्हाला वेगळं काढता येत नाहीये. ते काढता आलं की निम्मा वैताग जातो. उरलेला निम्मा माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पक्षाचा नसतोच, धंद्याचा असतो.

आधी घटनेतलं राजकारण. चिपची बातमी घेऊ, कारण ती सगळ्यांत कोरडी, निव्वळ आकड्यांची समजली जाते. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले. एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीने थोड्याच दिवसांत चिनी बाजारासाठी ए800 ही चिप पुढे केली. ती म्हणजे मुळात आधीचीच ए100. फक्त एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे माहिती जाण्याचा वेग सेकंदाला 600 गिगाबाइटवरून 400 वर उतरवलेला. हा 400 कोणा इंजिनिअरला सुचलेला आकडा नव्हे. नियमातली रेघ 600 वर होती म्हणून चिप तिच्या खाली आणली. वर्षभराने, ऑक्टोबर 2023 मध्ये, नियम आवळले गेले आणि ए800 सुद्धा बंदीत गेली. आता 'वेग कमी केला' एवढंच लिहून निर्यातबंदीचा उल्लेख गाळणारा बातमीदार तुम्हाला निःपक्ष वाटेल, पण त्याने बातमीच दिलेली नाही. तिथे राजकारण स्पेसिफिकेशनच्या तक्त्यातच आहे.

जून 2013 मधले अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दलचे स्नोडेनचे खुलासे, फेब्रुवारी 2016 मधला अ‍ॅपल आणि एफबीआय यांच्यातला आयफोन उघडण्याचा वाद, मे 2019 मध्ये ह्वावे या चिनी कंपनीवर अमेरिकेत आलेली बंदी, यांचंही तेच. टेक पान राजकारणाकडे गेलं ही तक्रार काही अंशी उलटी आहे. राजकारणच त्या पानावर चालत आलं. तुमच्या संकेतस्थळावर नुसत्या गॅजेटच्या बातम्या कमी झाल्या म्हणून ते एका बाजूचं झालं असं होत नाही.

दुसरं म्हणजे ही डावं-उजवं पट्टी टेकवर नीट बसतच नाही. अमेरिकेतल्या 1996 च्या कायद्यातलं कलम 230 घ्या. लोक जे लिहितात त्याची जबाबदारी फेसबुक-यूट्यूबसारख्या मंचांवर टाकता येत नाही, असं ढोबळमानाने ते सांगतं. 2020 या एकाच वर्षात ट्रम्प आणि बायडेन दोघांनीही ते रद्द करावं असं म्हटलं. ट्रम्प यांचं म्हणणं, कंपन्या आमचा मजकूर दाबतात. बायडेन यांचं म्हणणं, कंपन्या खोटा मजकूर चालू देतात. मग 230 च्या बाजूने लिहिलेला लेख डावा की उजवा? गुगलवरचा सर्च मक्तेदारीचा खटला ट्रम्प यांच्या न्याय विभागाने ऑक्टोबर 2020 मध्ये भरला, बायडेन यांच्या न्याय विभागाने चालवला आणि ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. एकच खटला, दोन उलट पक्षांची सरकारं. म्हणून 'अमुक प्रकाशन इतकं डावं, तमुक इतकं उजवं' असे जे तक्ते फिरतात, त्यांचा टेक बातमीसाठी मला फारसा उपयोग झालेला नाही. अख्ख्या प्रकाशनाला एकच गुण देणारा तक्ता चिपची बातमी, फोनचं परीक्षण आणि निवडणुकीवरचा लेख एकाच तागडीत टाकतो.

याचा अर्थ बातमीदारांना कल नसतो असा मुळीच नाही. अमेरिकेतल्या पत्रकारांच्या 2022 च्या एका मोठ्या विद्यापीठीय पाहणीत साधारण 36 टक्क्यांनी स्वतःला डेमोक्रॅट (तिकडच्या डावीकडच्या पक्षाचे) म्हटलं होतं आणि जेमतेम साडेतीन टक्क्यांनी रिपब्लिकन (उजवीकडच्या). निम्म्याहून थोडे अधिक स्वतंत्र. पाहणी फक्त टेक पत्रकारांची नव्हती, पण टेक पान लिहिणारे मोठ्या शहरांतले, शिकलेले, बहुतेक त्याच वर्तुळातले असतात, तेव्हा तिथे चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. तुमच्या मित्राला जे जाणवतंय त्याला आधार आहे. फक्त बातमीदाराचं मत एका बाजूला असणं आणि त्याची बातमी त्या बाजूला झुकणं यांच्यामध्ये डेस्क, वकील, संपादक आणि खुद्द पुरावा असतो. कधी ही साखळी काम करते, कधी सगळेच एका वर्तुळातले असल्यामुळे कोणालाच काही खटकत नाही. हे दुसरं मी जास्त धोक्याचं मानतो, कारण तिथे कोणी खोटं बोलत नसतं.

मग कल कॉपीत शिरतो कसा? चुकीच्या माहितीतून क्वचित. आकडे बरोबर असतात, नावं बरोबर असतात. तो शिरतो मथळ्यात, इंट्रोत (बातमीच्या पहिल्या परिच्छेदात), क्रियापदात आणि शेवटचा परिच्छेद कोणाला दिला यात.

एक उदाहरण जवळून बघू. ऑक्टोबर 2021 मध्ये ट्विटरने स्वतःच्याच अल्गोरिदमचा, म्हणजे कोणाला कोणती ट्विट्स दाखवायची हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा, अभ्यास जाहीर केला. देश सात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, फ्रान्स, जर्मनी, स्पेन, जपान. जर्मनी सोडून बाकी सहांत उजव्या राजकारण्यांची ट्विट्स अल्गोरिदममुळे डाव्यांच्या ट्विट्सपेक्षा जास्त पसरत होती. असं का होतं ते अभ्यासातून उलगडलं नाही, हेही तिथेच लिहिलं होतं. या एका मजकुरातून मी तीन मथळे काढतो. 'ट्विटरचं उजव्यांना झुकतं माप.' 'उजव्यांच्या गळचेपीचा समज ट्विटरच्याच अभ्यासाने खोडला.' 'उजव्यांची ट्विट्स जास्त का पसरतात? ट्विटरलाही ठाऊक नाही.'

पहिल्यात हेतू चिकटवलाय. झुकतं माप कोणीतरी मुद्दाम देतं, आणि इथे तसा पुरावा नव्हता. दुसऱ्यातली गफलत बारीक आहे, म्हणून ती डेस्कवरून सुटते. अल्गोरिदम काय वर ढकलतो ही एक गोष्ट आणि कंपनीची माणसं कोणती पोस्ट काढून टाकतात ही दुसरी. अभ्यास पहिलीचा होता, निकाल दुसरीवर लावला. तिसरा मथळा बरोबर आहे आणि त्याच्यावर सगळ्यांत कमी क्लिक पडणार, हे डेस्कवरच्या पोरासोरांनाही कळतं. म्हणजे या एका मथळ्यात राजकीय कल, घाई आणि क्लिकची भूक अशी तिन्ही कारणं एकमेकांत मिसळलेली असतात, आणि वाचक त्या सगळ्याला 'डावं' किंवा 'उजवं' म्हणून मोकळा होतो.

क्रियापदांचंही तसंच. 'म्हटलं', 'सांगितलं' ही साधी. 'कबूल केलं' लिहिलं की आधी लपवलं होतं असं ठरून जातं. 'दावा केला' म्हणजे आम्हाला पटलेलं नाही. 'स्पष्ट केलं' म्हणजे पटलंय. 'फेटाळलं' तर फारच सोयीचं. पुरावा देऊन खोडलं की नुसतं नाही म्हटलं, ते झाकून टाकतं. एकाच बातमीत कंपनी 'दावा' करते आणि तिच्या विरोधातली संस्था 'स्पष्ट' करते, असं दिसलं की मी दोन्हीकडे 'म्हटलं' करतो आणि कॉपी पुन्हा वाचतो. बऱ्याचदा तेवढ्यानेच हवा निघते. पुरावा थोडा होता, वजन क्रियापदांचं होतं. हे तुम्ही घरबसल्या करू शकता, त्यासाठी पत्रकार असावं लागत नाही.

काय छापलं यापेक्षा काय छापलं नाही हे पकडणं अवघड. 14 ऑक्टोबर 2020 रोजी, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या तोंडावर, न्यूयॉर्क पोस्टने उमेदवार बायडेन यांचे पुत्र हंटर बायडेन यांच्या लॅपटॉपमधल्या ईमेलवरून बातमी दिली. ट्विटरने त्या बातमीची लिंक टाकायलाच बंदी केली आणि पोस्टचं खातं अडकवून ठेवलं. फेसबुकने तिचा प्रसार कमी केला. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी पुढे संसदेसमोर ही चूक असल्याचं मान्य केलं. (इथे 'मान्य केलं' चालेल, त्यांनी खरोखरच तसं म्हटलं होतं.) त्या ईमेलपैकी काही अस्सल असल्याची पडताळणी न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी मार्च 2022 मध्ये छापली. निवडणुकीला तोवर जवळपास दीड वर्ष होऊन गेलं होतं.

यात कल होता का? माझं मत, होता. पण सरसकट नाही. पडताळणी न झालेल्या ईमेलबद्दल सावध राहणं हे तेव्हा योग्यच होतं. 2016 मध्ये डेमोक्रॅटांचे हॅक झालेले ईमेल भराभर छापल्याची टोचणी सगळ्या डेस्कना होती. पण सावध राहणं म्हणजे गप्प राहणं नव्हे. एका खाजगी कंपनीने एका वृत्तपत्राची बातमी पसरू दिली नाही, ही स्वतंत्र टेक बातमी होती. लॅपटॉप खरा की खोटा याच्याशी तिचा संबंध नव्हता, आणि ती जितक्या जोराने लावून धरायला हवी होती तितकी अनेकांनी धरली नाही. पुढे डिसेंबर 2022 मध्ये ट्विटरचे नवे मालक मस्क यांनी ट्विटरची अंतर्गत कागदपत्रं निवडक पत्रकारांना खुली केली तेव्हा आरसा उलटा फिरला. त्यातल्या पहिल्याच मालिकेत मजकूर काढण्याच्या विनंत्या बायडेन यांच्या प्रचारमोहिमेकडून येत होत्या तशाच ट्रम्प यांच्या व्हाइट हाऊसकडूनही येत होत्या, असं नमूद होतं. यातला कोणता अर्धा भाग कोणी वर घेतला ते जुन्या बातम्या काढून बघा. दोन्ही छावण्यांची सवय एका संध्याकाळी कळेल.

आता कसोटी. माझ्या कामात सगळ्यांत उपयोगी पडलेली कसोटी म्हणजे नावं बदलून वाचणं. बातमीतला पक्ष काढा, दुसरा घाला. कंपनी काढा, तुम्हाला आवडणारी घाला. राग तेवढाच येतो का? केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण यासाठी नेहमी पुढे केलं जातं. केंब्रिज विद्यापीठातल्या एका संशोधकाच्या व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या अ‍ॅपमध्ये सुमारे 2 लाख 70 हजार लोक शिरले. फेसबुक तेव्हा अ‍ॅपला मित्रांचीही माहिती घेऊ देत असे, त्यामुळे फेसबुकच्या अंदाजानुसार 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली आणि ती 2016 मध्ये ट्रम्प यांच्या मोहिमेसाठी काम करणाऱ्या याच नावाच्या कंपनीच्या हाती पडली. मार्च 2018 मध्ये हे बाहेर आलं. उजव्यांचा आक्षेप असा: 2012 मध्ये ओबामांच्या मोहिमेनेही समर्थकांच्या मित्रांची माहिती फेसबुकवरून घेतली, तेव्हा तुम्हीच तिला हुशारी म्हणालात.

आक्षेपात दम आहे. 2012 नंतरचं वार्तांकन काढून बघा, डेटावाल्या तरुणांचं भारी कौतुक आहे. पण नावं बदलून झाल्यावर तिथेच थांबलात तर कसोटी फसते. दोन्हींत एक ठळक फरक होता. ओबामांच्या अ‍ॅपमध्ये शिरणाऱ्याला आपण प्रचारमोहिमेला माहिती देतोय हे माहीत होतं. चाचणी देणाऱ्याला संशोधन चाललंय असं सांगितलं होतं आणि माहिती तिसऱ्याकडे गेली. मित्रांना मात्र दोन्हीकडे कोणी विचारलं नव्हतं. नावं बदलल्यावर जे सारखं राहतं त्यावर दोघांनाही झोडा, जे वेगळं निघतं ते वेगळं म्हणून सांगा. दोन्ही बाजूंना चिमटे काढणं म्हणजे समतोल, असं मानणाऱ्या डेस्ककडून हे दुसरं अर्धं काम होत नाही.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त बोलकी वाटते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी दीर्घ चौकशीनंतर ऑक्टोबर 2020 मध्ये संसदेला कळवलं की कंपनीच्या पद्धती बव्हंशी बाजारात रूढ असलेल्याच होत्या, आणि ब्रेक्झिट सार्वमतात सुरुवातीच्या काही चौकशांपलीकडे तिचा सहभाग दिसला नाही. 'मनं वळवणारं गुप्त यंत्र' ही 2018 मधली प्रतिमा आठवते ना? माहिती चोरून वापरली हा भाग टिकला. त्यावरून सुरू झालेल्या चौकशीनंतर अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने) 2019 मध्ये फेसबुकला 5 अब्ज डॉलर दंडही केला. निवडणूक फिरवली हा भाग सिद्ध झाला नाही. पहिल्या बातम्यांची जागा आणि आयुक्तांच्या पत्राला मिळालेली जागा यांतला फरक बघा. तो पक्षाचा कल होताच, पण त्याहून मोठा कल रंगतदार गोष्ट सांगण्याचा होता. आणि अशी सर्वशक्तिमान यंत्राची गोष्ट त्या कंपनीच्या विक्रीवाल्यांनाही सोयीचीच होती.

इथे तुमच्याबद्दलही बोलायला हवं, रागावू नका. 1985 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 1982 च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच. दोन्ही गटांनी ठामपणे सांगितलं की हे वार्तांकन आमच्या विरोधात आहे. विषयाबद्दल जितकी माहिती आणि आस्था जास्त, तितकं ते जास्त जाणवतं. तुम्ही टेक क्षेत्रातले आहात, बारकावे जाणता, त्यामुळे तुम्हाला बातमीत गाळलेली प्रत्येक गोष्ट दिसते आणि ती मुद्दाम गाळली असं वाटतं. पुष्कळदा ती साडेचारशे शब्दांत बसली नाही एवढंच असतं. म्हणून एका बातमीवरून निष्कर्ष काढू नका. एकाच बातमीदाराच्या एकाच विषयावरच्या काही महिन्यांच्या बातम्या ओळीने वाचा. वगळलेल्या गोष्टी प्रत्येक वेळी एकाच बाजूच्या निघाल्या तर कल. इकडच्याही तिकडच्याही निघाल्या तर घाई.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. टेक पत्रकारितेच्या ज्या चुकांची सगळ्यांत जबर किंमत लोकांनी मोजली, त्यांत पक्ष शोधून सापडत नाही. थेरानोस ही अमेरिकी कंपनी बघा. रक्ताच्या थेंबभर नमुन्यावर शेकडो चाचण्या करणारं यंत्र, असा गाजावाजा; मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स. संचालक मंडळावर रिपब्लिकनांचे हेन्री किसिंजर, जॉर्ज शुल्ट्झ. डेमोक्रॅटांकडचे सॅम नन, विल्यम पेरी. डावे-उजवे सगळे भुलले होते. ऑक्टोबर 2015 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या जॉन कॅरिरू यांनी ते फोडलं. या पत्राचे मालक रूपर्ट मरडॉक यांचे स्वतःचे साडेबारा कोटी डॉलर थेरानोसमध्ये होते. होम्स यांनी त्यांना बातमी थांबवायची गळ घातली, मरडॉक यांनी हात घातला नाही, बातमी छापून आली. जानेवारी 2022 मध्ये होम्स दोषी ठरल्या. म्हणजे मालकाच्या राजकारणावरून, इतकंच काय त्याच्या पैशावरूनही, बातमीचं भाकीत नेहमी करता येत नाही.

आधीची ती मुखपृष्ठं मग कशी आली? मुलाखतीसाठी भेट मिळाली म्हणून. टेक पत्रकारितेत ही सगळ्यांत महागडी वस्तू. मोठी कंपनी नवं उत्पादन आणते तेव्हा ठराविक पत्रकारांना ते आधी देते, अमुक वेळेपर्यंत छापायचं नाही या अटीवर. त्याला एम्बार्गो म्हणतात. अट पाळणाऱ्याचं परीक्षण त्या मिनिटाला चढतं, बाकीच्यांचं आठवड्याने, आणि आठवड्याने कोणी वाचत नाही. पुढच्या खेपेला यादीत राहायचं तर काय करायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. माहिती द्यायची पण नाव लावायचं नाही ही दुसरी चाल. कंपनीचा जनसंपर्क अधिकारी फोनवर सगळं सांगतो आणि शेवटी म्हणतो, हे माझ्या नावाने नको. मग छापून येतं, 'या घडामोडींची माहिती असलेल्या व्यक्तीने सांगितलं'. वाचकाला वाटतं कोणी आतला फुटला. प्रत्यक्षात ती कंपनीचीच अधिकृत बाजू असते. हा प्रकार इतका वाढला की द व्हर्ज या टेक संकेतस्थळाने नोव्हेंबर 2021 मध्ये आपलं धोरण जाहीरपणे बदलून कंपन्यांच्या प्रवक्त्यांना नाव लावूनच बोलायला सांगितलं.

जाहिरातींचं दडपण फ्री बेसिक्सच्या (मोजकीच संकेतस्थळं फुकट दाखवण्याच्या फेसबुकच्या योजनेच्या) वेळी भारतातल्या वाचकांनी पाहिलंय. डिसेंबर 2015 मध्ये फेसबुकने पानंच्या पानं जाहिराती दिल्या, झुकरबर्ग यांचा लेख छापून आला आणि त्याच दिवसांत त्याच वृत्तपत्रांना नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांना इंटरनेटवर सारखीच वागणूक मिळण्याच्या तत्त्वावर, वार्तांकन करायचं होतं. फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) संकेतस्थळानुसार वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली. त्या वादात विरोधक आणि समर्थक पक्षांच्या रेघेवर विभागलेच नव्हते. म्हणून डावं-उजवं शोधणाऱ्या वाचकाला त्या बातम्यांत काहीच 'कल' दिसला नसता.

भाषिक वृत्तपत्रांचं एक वेगळं दुखणं सांगून हा भाग संपवतो. आपल्याकडे परदेशी टेक बातमी बहुतेक एजन्सीच्या कॉपीवरून होते. रात्री उशिरा कॉपी येते, उपसंपादक ती फिरवतो, तीनशे शब्दांत बसवतो. कापताना खालून कापतो, कारण महत्त्वाचं वर असतं असं त्याला शिकवलेलं. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आकड्यांची मर्यादा, 'हा अभ्यास अजून तज्ज्ञांनी तपासलेला नाही' हे सगळं खालीच असतं. मूळ बातमी समतोल होती, आपल्यापर्यंत एकांगी पोचली, आणि यात कोणाचंही कसलंही राजकारण नव्हतं. शिवाय तिकडचं भांडण त्याच्या पार्श्वभूमीशिवाय इकडे येतं. मग 230 वर तावातावाने वाद घालणारे लोक भेटतात आणि ते कलम काय म्हणतं ते दोघांनाही ठाऊक नसतं.

तर वाचायचं कसं? हे तुम्ही कशासाठी वाचताय यावर आहे. फोन घ्यायचा असेल तर राजकीय कल विसरा. खरेदीच्या लिंकवर कमिशन मिळतं का आणि परीक्षणाचा फोन कंपनीने दिला होता का, एवढं तळटीपेत बघा. शेअरमध्ये पैसे असतील तर बातमीपेक्षा कंपनीने शेअर बाजाराच्या नियामकाकडे दिलेला वार्षिक अहवाल वाचा. त्यातला धोक्यांचा विभाग कंटाळवाणा असतो, पण खोटं लिहिणं तिथे महागात पडतं. धोरण समजून घ्यायचं असेल, म्हणजे तुमच्यासारखं, तर थोडा वेळ द्यावा लागेल.

माझी पद्धत अशी. एक डावं आणि एक उजवं अशी जोडी मी लावत नाही. दोघांच्याही बातम्या त्याच दोन ट्विटवरून उभ्या असतात आणि तुम्हाला भांडण मिळतं, माहिती नाही. मी ज्यांचा पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो अशी जोडी लावतो. एक जाहिरातीवर चालणारं, एक वाचकांच्या वर्गणीवर. 404 मीडिया हे 2023 मध्ये चार पत्रकारांनी स्वतःच सुरू केलेलं, त्यांच्याच मालकीचं प्रकाशन; रेस्ट ऑफ वर्ल्ड 2020 पासून पाश्चात्त्य देशांबाहेरच्या टेकवर लिहितं, आणि त्याच्या संस्थापक गुगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांच्या कन्या आहेत. हे शेवटचं मी वाईट म्हणून सांगत नाही, माहीत असावं म्हणून सांगतो. वॉशिंग्टन पोस्ट 2013 पासून अ‍ॅमेझॉनचे संस्थापक बेझोस यांचं आहे आणि अ‍ॅमेझॉनच्या बातमीत ते तशी ओळ टाकतात. ही ओळ असलेली बातमी मी जास्त विश्वासाने वाचतो, कमी नाही. त्याच पत्राने ऑक्टोबर 2024 मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा न देण्याचा निर्णय घेतला, फेब्रुवारी 2025 मध्ये मतांच्या पानाची दिशा बदलली, त्यावर गदारोळ झाला. पण मतांचं पान आणि बातमीचं पान वेगळी माणसं चालवतात. एकावरून दुसऱ्याला फाशी देऊ नका.

निकाल, नियामकाचा आदेश किंवा अभ्यास यांवर बातमी असेल तर मूळ कागद उघडा. सगळा वाचायची गरज नाही. निकालाचा सुरुवातीचा सारांश आणि शेवटचा आदेश, अभ्यासातला मर्यादांचा परिच्छेद, एवढं पुरतं. मूळ कागदाची लिंकच न देणाऱ्या बातमीला मी आधीच एक पायरी खाली ठेवतो. समोरच्याला उत्तरासाठी किती वेळ दिला तेही बघा. बातमी दुपारी चढली आणि 'मजकूर प्रसिद्ध होईपर्यंत कंपनीकडून उत्तर आलं नाही' अशी ओळ असेल, तर प्रश्न सकाळी पाठवला होता की चार दिवसांपूर्वी? चांगले बातमीदार हल्ली तेही लिहितात.

वर्गणीचं म्हणाल तर ती संकेतस्थळाच्या रंगावरून ठरवू नका. तिथले जे दोन-तीन बातमीदार तुम्ही नेहमी वाचता, त्यांची दोन वर्षांपूर्वीची एखादी गाजलेली बातमी काढा आणि पुढे काय झालं ते त्यांनीच लिहिलंय का ते शोधा. आरोप टिकला नाही तेव्हा तेही तितक्याच ठळकपणे दिलं का, दुरुस्ती मजकुराच्या वर लावली की पोटात दडवली, हे बघा. दिलं असेल तर वर्गणी चालू ठेवा, मग त्यांच्या मतांनी तुम्हाला कितीही चीड येवो. मित्राने सुचवलेल्या संकेतस्थळालाही हेच लावा. तिथे स्वतःचं वार्तांकनच नसेल, नुसतं दुसऱ्यांच्या बातम्यांना उत्तर देणं चालू असेल, तर फुकट आहे तोवर वाचा, पैसे भरू नका.